गोठ्यातला पेला

श्रावणातला सोमवार होता आणि खालच्या खाचरात बेणणी निघाली होती. भातातलं तण हाताने उपटून काढायचं हे काम. सकाळपासून चिखलात वाकलेल्या बायांना दुपारचं जेवण शेतमालकाच्या घरून द्यायचं, ही वेळशेत गावची जुनी रीत. रंजिताने मोठ्या टोपात भात शिजवला होता, वालाची आमटी केली होती आणि लोणच्याची बरणी आधीच बाहेर काढून ठेवली होती. सासूबाई ओटीवर बसून पत्रावळी मोजत होत्या. बाहेर पावसाची भुरभुर चालू होती.

वेळशेत हे शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की लागणारं शंभरेक घरांचं गाव. गावात कुणब्यांची वस्ती, आणि ओढ्यापलीकडे टेकाडावर कातकऱ्यांची वाडी. रंजिता वाशिंदची. वडील कारखान्यात कामाला, घर नव्या वसाहतीत. पदवीचं शेवटचं वर्ष संपता संपता ती सुनिलशी लग्न करून या घरात आली. सुनिलही वाशिंदच्या एका कारखान्यात पाळीने जाई आणि उरल्या वेळात शेती बघे. सासरे वारल्यापासून घर चालत होतं ते सासूबाईंच्या, म्हणजे देवकीबाईंच्या शब्दावर.

यंदा तणाने उच्छाद मांडला होता. लावणीनंतर पावसाने ओढ दिली, खाचरातलं पाणी आटलं, आणि माती उघडी पडली की तण मान वर काढतंच. सावा तर भातात भातासारखाच उभा राहतो, लोंबी धरेपर्यंत नवख्याला ओळखू येत नाही. लव्हाळ्याचं वरचं पातं हातात येतं आणि खालची गाठ मातीतच राहते, ती पुन्हा कोंब काढते. बेणणीला वाडीवरच्या बाया नसत्या तर वेळशेतच्या निम्म्या घरांचं भात तणातच गेलं असतं. सुनिलला हे सगळं फार वेळखाऊ वाटे. म्हणून आदल्या दिवशी, रविवारी, त्याने बांधांवर आणि वरच्या पडीक तुकड्यावर गवत जाळायचं औषध मारलं होतं. मुरबाडहून आणलेला तो डबा घरात नको म्हणून देवकीबाईंनी गोठ्यात ठेवायला लावला होता.

गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्या कोनाड्यात वर्षानुवर्षं एक जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा पेला असे, आतून काळा पडलेला, काठाला पोचा आलेला. वाडीवरची माणसं कामाला आली की पाणी त्या पेल्यातून पीत. पेला ती स्वतः काढून घेत, नळावर मातीने घासत आणि पुढे धरत. घरातलं माणूस वरून पाणी ओतत असे. पिऊन झालं की पेला पुन्हा कोनाड्यात जाई. याला गावात कुणी अस्पृश्यता म्हणत नसे. तसं म्हटलं असतं तर लोकांना राग आला असता.

लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात रंजिताने सासूबाईंना विचारलं होतं, की घरातलाच एखादा पेला दिला तर काय होईल. देवकीबाई चिडल्या नाहीत. हसून म्हणाल्या, "दे ना. मंग तो पेला पुन्ना घरात आनू नको, येवढंच." रात्री तिने सुनिलजवळ विषय काढला. तो म्हणाला, आईशी या वयात वाद कशाला, आणि त्या लोकांना त्याचं काही वाटत नाही. त्यांना वाटतं की नाही हे विचारायला दोघांपैकी कुणीही वाडीवर गेलं नाही. त्याच पावसाळ्यात रंजिता बेणणीच्या टोळीतल्या वडीलधाऱ्या बाईला 'बारकीमावशी' म्हणत असे. शेजारच्या बायका त्यावर हसल्या, तेव्हा तिने मावशी सोडलं आणि इतरांसारखी नुसती 'बारकी' म्हणू लागली. बारकी तिला पहिल्यापासून 'वयनी'च म्हणे.

रविवारी औषध मिसळताना डब्याचं मापाचं झाकण सापडेना. सुनिलने पंपात पाणी भरता भरता सांगितलं, "मापाला काय तरी आन. पन घरातलं नको."

घरातलं नको म्हटल्यावर रंजिताचा हात आपोआप कोनाड्याकडे गेला. पुढे कितीतरी दिवस ती स्वतःला विचारत राहिली, की त्या क्षणी आपल्या मनात काय होतं. काहीच नव्हतं. जर काही आलं असतं, एखादी शंका, एखादा चेहरा, तर ती थांबली असती. हिरवट निळं औषध तिने पेल्याने मोजून पंपात ओतलं. पेल्याच्या तळाला थोडं राहिलं. नळावर नेऊन घासायचा असं ठरवून तिने तो कोनाड्यात ठेवला. तेवढ्यात तिची चार वर्षांची रुचिता अंगणात घसरून पडली, गुडघा फुटला, रडारड झाली. पेला तसाच राहिला.

आणि आता सोमवारी दुपारी बाया जेवायला वर आल्या. गोठ्याच्या पडवीत पत्रावळी मांडल्या गेल्या. बारकीचे दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलाने माखलेले, बोटं सावा उपटून उपटून चिरलेली. ती नेहमीप्रमाणे कोनाड्याकडे निघाली होती. रंजिताला तिच्या हातांकडे बघवेना. तिने पुढे होऊन म्हटलं, "थांब, मी देते काढून." आणि पेला काढून तिच्या हातात दिला.

आभाळ भरून आलं होतं, पडवीत अंधारलेलं होतं आणि पेला आतून काळा. रंजिताने वरून कळशीतलं पाणी ओतलं. तहानेने कासावीस झालेल्या बारकीने दोन घोट एका दमात घेतले आणि तोंड फिरवून थुंकली.

"वयनी, पान्याला वास कसला येतो?"

रंजिताने आपल्या बोटांकडे पाहिलं. अंगठ्याला हिरवट निळा डाग लागला होता.

सगळं एका क्षणात तिच्या लक्षात आलं. आणि कळल्यावर तिने पहिली गोष्ट काय केली, तर आजूबाजूला पाहिलं. कुणी पाहिलं आहे का, हे पाहिलं. बारकीचा हात धरण्याच्या आधी तिने हे केलं.

बारकी ओकू लागली. बाया गोळा झाल्या. सुनिलची त्या दिवशी दुपारपाळी होती, त्यामुळे तो अजून घरीच होता. त्याने गोठ्यातला औषधाचा डबा, पेला आणि बायकोचा चेहरा पाहिला आणि त्याला विचारावं लागलं नाही. गावातली टमटम बोलावून त्यांनी बारकीला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला काढलं. तिची एकोणीस वर्षांची मुलगी राही आईचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसली. सुनिल आणि रंजिता मोटारसायकलवरून पुढे गेली.

वाटेत सुनिलने एका झाडाखाली गाडी थांबवली. दवाखान्यात काय सांगायचं ते त्याने तिला सांगितलं. बारकीने रागाच्या भरात कुठलं तरी तणनाशक स्वतःच घेतलं. वाडीवर नवऱ्याशी भांडण झालं असेल. आपल्याला काही ठाऊक नाही. तो दुष्ट माणूस नव्हता. नोकरी जाईल, पोलीस येतील, पोरीचं काय होईल, एवढंच त्याला दिसत होतं. रंजिता काही बोलली नाही. न बोलणं म्हणजे हो म्हणणंच आहे, हे दोघांनाही माहीत होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, की पोटात काय गेलं आहे आणि डबा आणला आहे का. सुनिल म्हणाला, तिने कुठून आणलं ते आम्हाला माहीत नाही. राही म्हणाली, पाणी पिल्यावरच झालं, वयनींनी पाणी दिलं आणि झालं. डॉक्टरीणबाईंनी रंजिताकडे पाहिलं. रंजिता खाली पाहत म्हणाली, "पाणी साधंच होतं."

हे वाक्य तिचं स्वतःचं होतं. सुनिलने ते शिकवलेलं नव्हतं.

बारकीला पुढे मोठ्या सरकारी रुग्णालयात हलवलं. दुसऱ्या दिवशी पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा तिची जीभ आणि ओठ इतके सोलले होते की तिला बोलता येईना. घोटभर पाणी गिळतानाही तिच्या डोळ्यांतून धारा लागत. राही एकटीच पाण्याचं बोलत राहिली, आणि दुःखात पोर काहीही बोलते म्हणून ते कुणी मनावर घेतलं नाही. भांडणाची गोष्ट मात्र लगेच खरी धरली गेली. कातकऱ्याची बाई, नवरा दारू पीत असणार, मारहाण होत असणार, तिने वैतागून औषध घेतलं असणार. पोलिसांनी, गावाने, वॉर्डातल्या इतर रुग्णांच्या नातेवाइकांनीही हे ऐकलं आणि कुणालाच नवल वाटलं नाही.

वेळशेतमध्ये देवकीबाईंनी पेला ओढ्यात भिरकावून दिला होता. सुनेला त्यांनी जवळ घेऊन समजावलं. झालं ते मुद्दाम झालेलं नाही, मनाला लावून घेऊ नको, ती बरी होईल. रंजिता मान हलवत राहिली. रुचिताला भरवताना घास तिच्या हातातच राहत असे.

मग एका दुपारी देवकीबाईंनी तिला जेवणाचा डबा देऊन सुनिलबरोबर रुग्णालयात पाठवलं. लोकांना दिसलं पाहिजे, की आपण विचारपूस करतो आहोत. सुनिल गाडी लावायला गेला आणि रंजिता एकटीच वर गेली. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बारकीचा नवरा धाऊ बसला होता. पोलिसांनी त्याला चौकशीसाठी नेलं होतं आणि सकाळीच सोडलं होतं. रंजिताला वाटलं, हा आता अंगावर येईल, शिव्या देईल. तिने त्याची तयारी करून ठेवली होती. पण तो तिला पाहून उठून उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला,

"वयनी, चूक माजी हाय. त्या दिशी सकाळी मी तिला बोल्लो. भाकर करपली म्हनून लय बोल्लो. म्हनून केलं तिनं. पोलीस इचारतात तू काय केलंस, तर काय सांगू? बोल्लो तर व्हतोच ना मी."

तो रडत नव्हता. त्याने हे स्वतःशी पुरतं मान्य करून टाकलं होतं. सुनिल-रंजिताच्या खोट्यावर गावाने विश्वास ठेवला होता, पोलिसांनी ठेवला होता, आणि आता ज्याच्यावर ते खोटं ढकललं त्या माणसानेही ठेवला होता. करपलेल्या भाकरीवरून बोललेले दोन शब्द तो आयुष्यभर छातीवर घेऊन जगणार होता, आणि ते ओझं रंजिताने तिथे ठेवलेलं होतं.

तिच्या हातातला डबा खाली पडला नाही की तिला भोवळ आली नाही. तिला फक्त लाज वाटली, अशी की उभं राहायलाही जागा उरू नये. ती म्हणाली, "धाऊदादा, तुमची चूक नाही. तिने काही घेतलेलं नाही. मी दिलं. माझ्या हाताने दिलं." धाऊला ते कळेना. तिने पुन्हा सांगितलं, पेल्याचं, औषधाचं, सगळं. तोवर राही दारात येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं. ती पुढे आली आणि फक्त एवढंच म्हणाली, "डाक्टरला औषदाचं नाव सांग आधी."

रंजिताने डॉक्टरांना नाव सांगितलं. नंतर पोलिसांसमोर जबाब दिला. सुनिल जिन्यात उभा राहून तिला थांबवत होता, हाक मारत होता, पण ती थांबली नाही. डॉक्टर तरुण होते, थकलेले होते. ते रागावले नाहीत. या औषधाला उतारा नसतो, पण पहिल्या काही तासांत काय गेलं आहे ते कळलं तर करण्यासारखं बरंच असतं, एवढं ते म्हणाले आणि आत गेले.

बारकी वाचली. दिवाळी उलटून गेल्यावर ती वाडीवर परत आली, पण तिच्या छातीत श्वास मावेनासा झाला होता. ओढ्यापासून झोपडीपर्यंतचा चढ ती तीनदा बसून चढायची. चिखलात वाकून बेणणी करणं तर आता या जन्मी नव्हतंच. सुनिल आणि रंजितावर गुन्हा दाखल झाला, त्याच्या तारखा अजून चालू आहेत. सुनिलची नोकरी राहिली. घरात बोलणं मात्र कामापुरतंच उरलं. देवकीबाई सुनेला म्हणाल्या, की तू आमचं घर चव्हाट्यावर मांडलंस. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं.

रंजिता एकदा वाडीवर गेली. माफी मागायची म्हणून गेली. बारकी झोपडीबाहेर उन्हात बसली होती. रंजिताने बोलायला सुरुवात केली, तशी बारकीने हात वर करून तिला थांबवलं. अडखळत, मध्ये मध्ये दम घेत ती बोलली.

"मी तो पेला रोज घासून घ्यायची. गोठ्यात काय काय असतंय, मला ठाव व्हतं. त्या दिशी तू आपल्या हातानं दिलास. मला बरं वाटलं. म्हनून नाय घासला."

बारकीने तिला माफ केलं नाही आणि शापही दिला नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, की आता जा, मला बोलवत नाही.

त्या वर्षापासून वाडीवरच्या बाया वेळशेतच्या बेणणीला येईनाशा झाल्या. राहीने घरोघर फिरून सगळ्यांना तसं ठरवायला लावलं. त्या पलीकडच्या गावी जात, नाहीतर शहापूरला बांधकामावर. वेळशेतची घरं म्हणाली, नाही तर नाही, औषध आहे. पुढच्या पावसात बांधांवर औषध मारलं, खाचरांत भाताला न जाळणारं दुसरं मारलं, आणि ज्याच्या त्याच्या मनाने दुप्पट मारलं. बांधावरची कुर्डूची भाजी गेली, ओढ्यातले खेकडे दिसेनासे झाले. तण काही दिवस पिवळं पडलं. मग लव्हाळा जमिनीखालच्या गाठींतून पुन्हा वर आला, आणि औषधाला दाद न देणारा सावा बी टाकून मोकळा झाला. त्याच्या पुढच्या वर्षी तो आणखी दाट आला.

तेव्हा कुठे गावाने कृषी सहायकांना बोलावलं. लावणीनंतर रोपं मुळं धरेपर्यंत खाचरात पाणी कसं धरून ठेवायचं, ओळीत लावणी केली तर हाताने ढकलायचं कोळपं कसं चालतं, तण फुलावर येण्याआधीच का काढायचं, हे दाखवण्यासाठी शाळेच्या पटांगणात सभा ठेवली. वाडीवरच्या बायांनाही निरोप गेला, कारण त्या आल्याशिवाय काही खरं नाही हे आता सगळ्यांनाच कळलं होतं. राही आणि आणखी सातआठ जणी आल्या आणि एका कडेला बसल्या. कृषी सहायकांनी शेवटी तणनाशकाच्या धोक्यांचा विषय काढला. गावात झालेली दुर्घटना त्यांना ठाऊक होती. साठवणुकीतल्या निष्काळजीपणामुळे असे प्रकार होतात, असं सांगून त्यांनी रंजिताला चार शब्द बोलायला सांगितलं.

रंजिता उभी राहिली. समोर सासूबाई बसल्या होत्या, शेजारणी बसल्या होत्या, ज्यांच्या हसण्यावरून तिने 'मावशी' हा शब्द सोडला होता.

"साहेब, निष्काळजीपणा नव्हता तो," ती म्हणाली. "औषध विषारी, म्हणून घरात नको, म्हणून गोठ्यात ठेवलं. पेलाही घरात नको, म्हणून गोठ्यातच होता. दोन्ही आम्ही फार काळजीने ठेवलं होतं."

मग तिने सगळं सांगितलं. आजूबाजूला कुणी पाहिलं का ते आधी पाहिल्याचं सांगितलं, पाणी साधंच होतं असं म्हटल्याचं सांगितलं, आणि एका निर्दोष माणसाला स्वतःला दोषी समजायला लावून आपण घरी जेवत होतो हेही सांगितलं. आवाज चढवला नाही, कुणाला नावं ठेवली नाहीत. अजूनही कुठे बोलावलं तर ती जाते आणि हे सांगते, आणि ते मधले दिवस कधीच गाळत नाही. त्या दिवशी ती पहिल्यांदा बोलत होती. बोलून झाल्यावर तिने हात जोडले आणि आपल्या जागी जाऊन बसली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

तेवढ्यात शेजारची शकूकाकी चहा घेऊन आली. चहा बायकांच्या बचत गटाने केला होता. पेल्याच्या प्रकरणानंतर वेळशेतमध्ये एक सुधारणा झाली होती. वाडीवरच्यांसाठी आता गोठ्यात पेला कुणी ठेवत नसे. कागदी कप आणले जात, म्हणजे फेकून देता येतात. शकूकाकीच्या ट्रेमध्ये एका बाजूला स्टीलचे पेले होते आणि दुसऱ्या बाजूला कागदी कप. ती रांगेने देत निघाली आणि कडेला बसलेल्या राहीपाशी आली.

राहीने हात पुढे केला नाही. तिने ट्रेकडे पाहिलं, मग शकूकाकीकडे पाहिलं.

"काकी," तिने शांतपणे विचारलं, "यातला माजा कोनता?"

शकूकाकी वाकलेली होती तशीच राहिली. तिने मदतीसाठी मागे वळून पाहिलं, पण मागे बसलेली प्रत्येक जण तेव्हा जमिनीकडे पाहत होती.